आहे आणि वाटते

ऐरोलीत, सेक्टर आठला, दुसऱ्या मजल्यावर
खिडकीलगतची तिसरी खुर्ची माझी.
सोम, बुध, शुक्र. चार-चार तास.
रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं,
आणि मी छताच्या चौकोनांत
ऱ्हस्व-दीर्घ शोधत पडून राहतो.
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. खोड जात नाही.

फाइल मिटताना डॉक्टर सबनीस म्हणाल्या,
"आशा आहे."
मी मनातल्या मनात वाक्याखाली रेघ ओढली.
आहे, म्हणजे कुठे?
टेबलावर पेला आहे, खाडीवर पूल आहे, तशी?
त्यांनी खरंच दाखवली:
यादीतला माझा क्रमांक. एकसष्ट.
रक्तगट ओ, वय अठ्ठावन्न, हृदय ठीक.
झेरॉक्स काढता येईल अशी ती आशा.
मी झोपलो तरी जागी,
मी रडलो तरी तेवढीच.

घरी कुंदाने विचारलं, काय वाटतं?
मला भूक वाटत होती. थोडी लाज.
बाकी काही वाटत नव्हतं.

ऑगस्टात क्रमांक अठ्ठावन्न झाला.
कुंदाने शिरा केला. दोन चमचे मलाही.
बुधवारी पाचवी खुर्ची रिकामी,
तिच्यावर घडी न मोडलेली चादर.
दिगंबर राजगुरू, घणसोली, पतपेढीत कॅशियर.
नोटा मोजल्यासारखी मिनिटं मोजायचे, अंगठा ओला करून.
यादीत माझ्या वर होते.
मला कुणी काही सांगितलं नाही,
वजाबाकी मीच केली.
परिस्थिती सुधारली होती, कागदावर अगदी स्पष्ट.
दोन दिवस तोंडातून तूप गेलं नाही.

शेजारच्या खुर्चीत बामीबाय मढवी.
दिवा गावच्या. वय एकाहत्तर.
यादीत नाव नाही, कुणी घालूही नाही म्हटलं.
त्यांच्या फाइलशी सबनीसबाई थांबतात,
पान उलटतात,
पुन्हा तेच पान उलटतात.
'नाही' हेही क्रियापदच,
न उच्चारता चालवता येतं.

आणि बामीबाय नर्सशी भांडत असतात:
"शुक्करवारची पाळी सकालची कर गो,
दुपारला सुकती हाय."
नातू चिखलात उतरणार,
या बांधावर बसून त्याला शिव्या देणार.
एका हातात सुया, तो हलवायचा नाही.
दुसऱ्याने चिंबोऱ्यांच्या फगाला
नवी दोरी बांधतात, गाठ दातांनी ओढतात.
नायलॉनची. पाच वर्षं जाईल, म्हणाला दुकानदार.
पाच वर्षं? माझ्या तोंडून निसटलंच.
त्या हसल्या, दोरी दातांतच ठेवून.
"दोरीचं सांगलान त्यान. माजं नाय."

सोमवारी चिंबोऱ्या घेऊन आल्या,
पिशवीत जिवंत, खडखडणाऱ्या.
नर्सला, वॉर्डबॉयला,
एक जोडी माझ्या मांडीवर:
"तुमच्या बायकोला द्या. तुमाला नको, तुमी पथ्यावर."
स्वतःलाही पथ्य, ते त्या विसरल्या
किंवा मोजलं नाही.
आपल्याकडे चटणी वाटतात,
पेढे वाटतात,
बरं वाटतं.
एकच धातू. इतकी वर्षं हातांखालून गेला,
मी फक्त त्याची वेलांटी पाहिली.

याचा अर्थ मला उमगलं, असं नाही.
रात्री अजूनही क्रमांक बघतो, फोन उशाशी घेऊन,
आणि खाली सरकला नाही म्हणून चिडतो,
आणि सरकला तर कोण गेलं, या भीतीने
तसाच उताणा पडून राहतो.

शुक्रवारी दुपारी शेजारची खुर्ची रिकामी.
चादर. घडी न मोडलेली.
वजाबाकी आपोआप सुरू झाली.
यादीत तर त्यांचं नावच नव्हतं,
मग कशातून काय वजा करत होतो कुणास ठाऊक.
"त्या सकाळी येऊन गेल्या, काका,"
नर्स सुई शोधत म्हणाली.
"भांडून पाळी बदलून घेतली. सारखं आपलं पाणी, पाणी."

क्रमांक अठ्ठावन्नच.
खिडकीतून विजेचे मनोरे, त्यांच्या पायाशी तिवरं,
खाडी मागे हटलेली, चिखल चकाकत होता.
एवढ्या लांबून माणूस दिसत नाही.
चार तास होते.
मी बघत राहिलो.